मुंबईत जन्मलेली, टास्मानियात 'जन्माला घातलेली'

ऑस्करच्या इतिहासात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नामांकन मिळवणारी पहिली आशियाई वंशाची मुलगी आपल्या मुंबईत जन्मली होती. पण तिने ते मरेपर्यंत जगाला कळू दिलं नाही. मर्ल ओबेरॉनची ही गोष्ट.

१३ मार्च २०२३ ची सकाळ आठवतेय? सोमवार होता, आणि पहिल्या लेक्चरला अर्धा वर्ग मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. 'नाटू नाटू'ला ऑस्कर मिळालं, 'द एलिफंट व्हिस्परर्स'लाही मिळालं. दिवसभर सगळ्यांच्या स्टेटसला तेच. त्या गडबडीत आणखी एक बातमी आपल्यापर्यंत आली आणि वाहून गेली. मिशेल यो ही मलेशियात जन्मलेली अभिनेत्री सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर घेऊन गेली. हा मान मिळवणारी ती पहिली आशियाई.

पण तिच्या नामांकनाच्या बातम्यांमध्ये एक चमत्कारिक शब्दप्रयोग होता. ती नामांकन मिळवणारी पहिली आशियाई अभिनेत्री, असं सरळ कुणी लिहीत नव्हतं. स्वतःची आशियाई ओळख उघडपणे सांगणारी पहिली, असं लिहीत होते. म्हणजे ओळख न सांगणारी कुणीतरी आधी होती?

होती. तब्बल ८७ वर्षांपूर्वी. १९३६ च्या ऑस्कर सोहळ्यात 'द डार्क एंजल' या सिनेमासाठी मर्ल ओबेरॉनला नामांकन होतं. त्या वर्षीचा पुरस्कार बेटी डेव्हिसने नेला. पण मर्लच्या बाबतीत गंमत पुरस्काराची नाहीच. त्या रात्री त्या सभागृहात बसलेल्या लोकांना वाटत होतं, की ही टास्मानियात जन्मलेली ब्रिटिश मुलगी आहे. ती होती मुंबईची.

गेटवेच्याही आधीची क्वीनी

१९ फेब्रुवारी १९११. त्या दिवशी मुंबईत एक मुलगी जन्मली. एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्प्सन असं भलंमोठं नाव. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी बोटीने अपोलो बंदरावर उतरले. त्यांच्या त्या भेटीची आठवण म्हणून पुढे तिथे गेट वे ऑफ इंडिया बांधला गेला, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. त्याच राणीच्या कौतुकात घरच्यांनी या पोरीचं टोपणनाव ठेवलं, क्वीनी.

नाव राणीचं, पण घरात पैशांची चणचण. वडील आर्थर थॉम्प्सन ब्रिटिश, रेल्वेत इंजिनीअर. आई शार्लट सेल्बी सिलोनची, म्हणजे आजच्या श्रीलंकेतली, मिश्र वंशाची आणि सावळी. पहिलं महायुद्ध सुरू झालं, आर्थर सैन्यात गेला आणि परत आलाच नाही. आजारपणात तिकडेच वारला. शार्लटने मुलीला घेऊन मुंबईतल्या स्वस्तातल्या जागांमध्ये दिवस काढले आणि १९१७ मध्ये दोघी कलकत्त्याला गेल्या.

तिथे क्वीनीला ला मार्टिनिअर या नावाजलेल्या शाळेत शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला. श्रीमंत मुलींच्या शाळेत फुकट शिकणारी, त्यात अर्धी गोरी अर्धी काळी. मुलींनी तिला इतकं चिडवलं, इतकं छळलं, की शेवटी तिने शाळाच सोडली आणि घरी बसून शिकली. आज याला आपण बुलिंग म्हणतो. तेव्हा ती रोजची गोष्ट होती.

इंग्रजांच्या राज्यात अँग्लो इंडियन लोकांची विचित्र कोंडी होती. गोरे त्यांना आपल्यात धरत नव्हते आणि भारतीयांना ते आपले वाटत नव्हते. नोकऱ्या ठरलेल्या: रेल्वे, तार, टेलिफोन. क्वीनीनेही टेलिफोन ऑपरेटरचं काम केलं. संध्याकाळी हौशी इंग्रजी नाटकं, सिनेमे आणि फिरपोज नावाचं कलकत्त्याचं तेव्हाचं झगमगीत रेस्तराँ. तिथे तिची एका वजनदार गोऱ्या माणसाशी ओळख झाली, प्रेमही जमलं. एके दिवशी तो तिला घरी सोडायला आला आणि त्याने शार्लटला पाहिलं. तिच्या आईचा रंग पाहिला. प्रेम तिथेच संपलं.

ही हकीकत तिच्या चरित्रांमध्ये येते. ती वाचल्यावर पुढच्या सगळ्या आयुष्याचा उलगडा होतो. विशी गाठायच्या आत या मुलीला कळलं होतं, की आपण कितीही सुंदर दिसलो, तरी दार उघडल्यावर मागे आई दिसली की खेळ खलास.

एक पुण्याची, एक मुंबईची

इथे एक मिनिट थांबू या, कारण मला आणखी एक टेलिफोन ऑपरेटर आठवते. रूबी मायर्स. १९०७ मध्ये पुण्यात जन्मलेली, बगदादी ज्यू घरातली मुलगी. तीही टेलिफोन ऑपरेटर होती. तिला मुंबईच्या मूकपटवाल्यांनी हेरलं, नाव दिलं सुलोचना आणि ती विसाच्या दशकातली सगळ्यात मोठी स्टार झाली. कलकत्त्याची रेने स्मिथ ही अँग्लो इंडियन मुलगी सीतादेवी झाली आणि १९२५ च्या 'प्रेम संन्यास'मध्ये गौतम बुद्धाच्या कथेत नायिका म्हणून झळकली.

म्हणजे बघा, त्या काळात चांगल्या घरच्या हिंदू-मुसलमान मुली सिनेमात येत नव्हत्या. म्हणून या मुली यायच्या आणि भारतीय नाव घेऊन भारतीय व्हायच्या. क्वीनीला हाच रस्ता मोकळा होता. मूकपट असल्यामुळे हिंदी येण्याचीही गरज नव्हती. तिने उलटा रस्ता धरला. नाव बदलणं सगळ्यांच्याच नशिबी होतं, फक्त कोणत्या बाजूला जायचं एवढाच प्रश्न.

१९२८-२९ च्या सुमारास क्वीनी आणि शार्लट युरोपला निघाल्या. आधी फ्रान्स, तिथे गर्दीतली किरकोळ कामं. मग लंडन. तिथल्या कॅफे द पारीमध्ये ती पाहुण्यांची सरबराई करायची आणि सिनेमात जमेल तिथे एक्स्ट्रा म्हणून उभी राहायची. शार्लट सोबतच राहत होती. पण सांगतात ते असं, की घरी कुणी आलं तर ती आई म्हणून पुढे येत नसे. मोलकरीण म्हणून चहा आणून द्यायची.

टास्मानियाच का?

लंडनमध्ये तिला अलेक्झांडर कोर्डाने पाहिलं. कोर्डा हंगेरीचा ज्यू, स्वतःही नाव बदललेला, ब्रिटिश सिनेमाला जागतिक नकाशावर नेणारा निर्माता-दिग्दर्शक. त्याच्या 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ' (१९३३) या सिनेमात तिला राजाच्या राणीची, अ‍ॅन बोलिनची छोटी भूमिका मिळाली. पडद्यावर अगदी थोडा वेळ, शेवटी शिरच्छेद. पण तेवढ्यात प्रेक्षकांनी विचारायला सुरुवात केली, ही कोण?

या प्रश्नाला उत्तर हवं होतं. उत्तर तयार करण्यात आलं. नाव मर्ल ओबेरॉन. जन्म टास्मानियाची राजधानी होबार्ट. घराणं ब्रिटिश, खानदानी. जन्माच्या नोंदी आगीत जळाल्या. पुढे वडिलांच्या निधनानंतर भारतात नातेवाइकांकडे वाढली, म्हणून कलकत्त्याचा उल्लेख कुठे निघालाच तर तीही सोय झाली.

टास्मानिया निवडण्यात डोकं होतं. ते ब्रिटिश साम्राज्यातलं, गोऱ्यांचं बेट. लंडनपासून आणि हॉलिवूडपासून इतकं लांब, की कुणी वार्ताहर बोटीत बसून चौकशीला जाणार नाही. आज कुणी असं काही सांगितलं तर दहा मिनिटांत कुणीतरी जुना शाळेचा फोटो शोधून काढेल. तेव्हा ही थाप पन्नास वर्षं टिकली.

आणि याच कोर्डाची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. १९३७ मध्ये त्याच्याच कंपनीने 'एलिफंट बॉय' नावाचा सिनेमा आणला. त्यात म्हैसूरच्या एका माहुताचा पोरका मुलगा होता, साबू. पुढे 'द थीफ ऑफ बगदाद' आणि 'जंगल बुक'मधून साबू जगप्रसिद्ध झाला. एकाच कंपनीच्या छताखाली दोन भारतीय मुलं. एकाला उघड्या अंगाने, हत्तीवर बसवून, भारत म्हणून विकलं. दुसरीला भारत पुसून विकलं. साबूला कधी इंग्रज साहेबाची भूमिका मिळणार नव्हती आणि मर्लला साबूच्या गावचं असणं परवडणार नव्हतं.

भीती उगाच नव्हती

आपल्याला आज वाटतं, सांगून टाकायचं होतं की! काय झालं असतं? तर काय झालं असतं ते बघू.

१९१७ च्या अमेरिकी कायद्याने आशियाच्या मोठ्या पट्ट्यातून येणाऱ्या लोकांना देशात प्रवेशच बंद केला होता. भारत त्या पट्ट्यात होता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की भारतीय माणूस गोरा धरला जाणार नाही, त्यामुळे त्याला नागरिकत्व नाही. हे थोडं सैल झालं ते १९४६ मध्ये. म्हणजे मर्ल हॉलिवूडमध्ये सगळ्यात वर होती ती सगळी वर्षं हा कायदा लागू होता.

सिनेमाचा स्वतःचाही नियम होता. हेज कोड नावाच्या आचारसंहितेत गोऱ्या आणि काळ्या वंशातल्या माणसांचे प्रेमसंबंध पडद्यावर दाखवायला मनाई होती आणि स्टुडिओवाले तोच हिशेब आशियाई कलाकारांनाही लावायचे. म्हणजे नायक गोरा असेल तर नायिका आशियाई चालणार नाही. आणि नायक गोराच असायचा!

याचा फटका कसा बसायचा ते ॲना मे वाँगला विचारा. ही लॉस एंजलिसमध्येच जन्मलेली चिनी अमेरिकी अभिनेत्री. 'द गुड अर्थ' (१९३७) हा चीनमधल्या शेतकऱ्यांवरचा सिनेमा. पण नायक गोरा नट चिनी मेकअप करून उभा राहणार होता, म्हणून नायिकाही गोरीच घेतली गेली. लुइझ रायनरने चिनी बाई केली आणि त्यासाठी ऑस्करही घेतलं. खरी चिनी बाई बाहेरच राहिली. आज अमेरिकेच्या नाण्यावर ॲना मे वाँगचा चेहरा आहे, २०२२ मध्ये आला. तिच्या हयातीत तिला नायिकेची भूमिका मिळाली असती तर जास्त बरं झालं असतं.

मर्लसमोर ॲना मे वाँगचं आयुष्य रोज दिसत होतं. त्यामुळे मर्लने खोटं का सांगितलं हा मला फारसा अवघड प्रश्न वाटत नाही. ते खोटं रोज उठून सांभाळायला काय लागलं असेल, हा खरा प्रश्न.

अभिनेत्री म्हणून कशी होती?

तिच्याबद्दल लिहिताना सगळे रहस्यातच अडकतात आणि तिचं काम बाजूला राहतं. मीही आत्तापर्यंत तेच केलं. तर आता माझं प्रामाणिक मत: ती ग्रेट अभिनेत्री नव्हती. बेटी डेव्हिससारखी आग तिच्यात नाही, कॅथरिन हेपबर्नसारखी धारही नाही. सुरुवातीच्या सिनेमांमध्ये ती फार जपून बोलते, उच्चार इतके घासूनपुसून की कधीकधी बोलण्यातला जीवच जातो. पण काही वेळा हा जपूनपणाच कामी येतो. काहीतरी आत दाबून ठेवलेली बाई करायची असली, की ती खरी वाटते.

'द डार्क एंजल'चंच घ्या. सॅम्युएल गोल्डविन या निर्मात्याने तिचं आधीचं गूढ, पौर्वात्य वगैरे रूप पुसायला लावून तिला साधी इंग्रज मुलगी केलं. कथेत तिचा प्रियकर युद्धात आंधळा होतो आणि तिच्यावर ओझं नको म्हणून मेल्याचं भासवून दूर राहतो. शेवटी ती त्याला शोधून काढते. ती येणार म्हणून तो खोलीतली प्रत्येक वस्तू कुठे आहे हे पाठ करून ठेवतो आणि आपल्याला दिसतंय असं नाटक करतो. आपलं सत्य लपवण्यासाठी घरभर तालीम करणारा माणूस आणि त्याच्यासमोर उभी मर्ल. तिचं खरं आयुष्य माहीत असताना हा प्रसंग बघणं अंगावर येतं.

'दीज थ्री' (१९३६) मला तिच्या कामांत सगळ्यात आवडतो. विल्यम वायलरने दिग्दर्शित केलेला. एक शाळकरी मुलगी दोन शिक्षिकांबद्दल खोटी कुजबुज पसरवते आणि त्यांचं उभं आयुष्य कोसळतं. कुजबुजीने माणूस कसा संपतो हे मर्लला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिच्या चेहऱ्यावरची भीती तिथे अभिनय वाटत नाही.

आणि मग 'वदरिंग हाइट्स' (१९३९). पुन्हा वायलर. तिची सगळ्यात गाजलेली भूमिका, कॅथी. समोर हीथक्लिफ म्हणून लॉरेन्स ऑलिव्हिए. ऑलिव्हिएला या भूमिकेत त्याची प्रेयसी व्हिव्हियन ली हवी होती, त्यामुळे सेटवर दोघांचं बिलकुल पटलं नाही. (योगायोग असा, की व्हिव्हियन लीचा जन्मही भारतातला, दार्जिलिंगचा. पण ती गोऱ्या साहेबाची मुलगी, तिला लपवण्यासारखं काही नव्हतं.)

एमिली ब्राँटेची कादंबरी अभ्यासाला असेल त्यांना आठवेल, तिच्यात हीथक्लिफ सावळा आहे, कुठून आला माहीत नसलेला पोर आहे. त्याची समजूत काढताना नेली त्याला म्हणते, कुणी सांगावं, तुझा बाप चीनचा बादशहा असेल आणि आई हिंदुस्थानची राणी! आता सिनेमा बघा. त्या सावळ्या हीथक्लिफच्या भूमिकेत इंग्लंडचा गोरा ऑलिव्हिए आणि गोऱ्यापान कॅथीच्या भूमिकेत मुंबईची क्वीनी. हिंदुस्थानची राणी सेटवरच होती, फक्त चुकीच्या भूमिकेत. आणि कॅथीची शोकांतिका काय? प्रतिष्ठित घरात लग्न करून समाजात मान मिळावा म्हणून ती आपल्या मुळाकडे, आपल्या माणसाकडे पाठ फिरवते आणि मग आयुष्यभर खिडकीतून तिकडेच बघत राहते. या भूमिकेसाठी मर्लला नामांकन मिळालं नाही. माझ्या मते मिळायला हवं होतं.

ओबी लाइट

आम्हाला सिनेमॅटोग्राफीच्या तासाला 'ओबी' नावाचा दिवा शिकवला होता. कॅमेऱ्याच्या लेन्सच्या अगदी शेजारी बसवलेला छोटा दिवा. प्रकाश समोरून सरळ चेहऱ्यावर पडला की सावल्या पडत नाहीत, त्यामुळे सुरकुत्या, खड्डे, व्रण सगळं भरून निघतं. परीक्षेला दोन मार्कांसाठी मी ते पाठ केलं. ओबी म्हणजे ओबेरॉन, हे मला या लेखासाठी वाचताना कळलं.

१९३७ मध्ये लंडनला 'आय, क्लॉडियस' या सिनेमाचं शूटिंग चालू असताना तिच्या गाडीला अपघात झाला. चेहऱ्यावर जखमा झाल्या. तो सिनेमा आधीच रखडत होता, तो कायमचा बंद पडला. पुढे १९४० च्या सुमारास सौंदर्यप्रसाधनांतल्या घातक घटकांमुळे आणि औषधाच्या रिअ‍ॅक्शनमुळे तिची त्वचा आणखी बिघडली. उपचारांनीही ती पूर्ववत झाली नाही. गोरं दिसण्यासाठी ती वर्षानुवर्षं चेहऱ्यावर जे थापत होती, त्याची ही किंमत.

'द लॉजर' (१९४४) या सिनेमाचा कॅमेरामन होता ल्यूसियन बॅलार्ड. त्याने तिचे व्रण झाकण्यासाठी हा दिवा बनवला. पुढच्याच वर्षी तिने त्याच्याशी लग्न केलं! तोपर्यंत कोर्डाशी १९३९ मध्ये झालेलं लग्न संपलं होतं. कोर्डाला 'सर' ही पदवी मिळाल्यावर ती लेडी कोर्डा झाली होती. कलकत्त्याच्या शाळेतल्या त्या मुलींनी ही बातमी वाचली असेल का, असा विचार मनात येतोच.

बॅलार्डशी लग्न चार वर्षं टिकलं, दिवा अजून टिकून आहे. नाव सगळ्यांना माहीत, नावामागची बाई कुणालाच नाही.

आईचं चित्र

शार्लट १९३७ मध्ये गेली. अपघाताचं आणि तिच्या जाण्याचं वर्ष एकच. १९४९ मध्ये मर्लने आईच्या जुन्या फोटोवरून चित्रं काढून घेतली. चित्रकाराला सूचना होती, रंग उजळ कर. ती चित्रं मर्लच्या प्रत्येक घरात शेवटपर्यंत भिंतीवर होती. आई जिवंत होती तोवर तिला आई म्हणता आलं नाही. ती गेल्यावर म्हणता आलं, पण तेही गोरी करून.

मागच्या वर्षी पासपोर्ट साइज फोटो काढायला मी घराजवळच्या स्टुडिओत गेले होते. दादाने कॉम्प्युटरवर दोन-चार क्लिक केले आणि माझा चेहरा तीन शेड उजळला. मी विचारलं, हे का? तर तो म्हणाला, सगळ्यांचं करतो की. मीही काही बोलले नाही, फोटो घेऊन आले. वाईट म्हणजे, तो मला आवडलाही होता. 'फेअर अँड लव्हली'च्या नावातून 'फेअर' गेलं २०२० मध्ये. फोटोतून आणि फिल्टरमधून ते अजून जायचंय. त्यामुळे मर्लला नावं ठेवायची मला तरी हिंमत होत नाही.

होबार्टचा सत्कार

पन्नाशीच्या दशकात तिचे सिनेमे कमी झाले. 'देझिरे' (१९५४) मध्ये नेपोलियनची जोसेफिन झाली, मार्लन ब्रँडोसमोर. १९५७ मध्ये ब्रुनो पॅग्लियाई या बड्या उद्योगपतीशी लग्न करून ती मेक्सिकोला गेली, दोन मुलं दत्तक घेतली. १९७३ मध्ये 'इंटरव्हल' हा शेवटचा सिनेमा स्वतःच काढला आणि त्यातल्या सहकलाकाराशी, वयाने बऱ्याच लहान असलेल्या रॉबर्ट वोल्डर्सशी, १९७५ मध्ये लग्न केलं.

आणि मग १९७८ आलं. ती ऑस्ट्रेलियात गेलेली असताना होबार्टच्या महापौरांनी तिचा नागरी सत्कार ठेवला. आपल्या गावची लेक घरी येणार! बरं, ती खरंच इथे जन्मली का याचा कागद सापडत नाही, हे नगरपालिकेच्या लक्षात आलं होतं. पण आमंत्रणं गेली होती, आता काय करणार. सत्कार झाला. पण आल्यावर थोड्याच वेळात तिने आपण इथे जन्मलोच नाही असं सांगितलं आणि तब्येतीचं कारण देऊन ती निघून गेली. लोक हिरमुसले.

मला हा प्रसंग तिच्या कोणत्याही सिनेमापेक्षा मोठा वाटतो. जे गाव फक्त कागदावर होतं, ते समोर हार घेऊन उभं राहिलं होतं. पन्नास वर्षं ज्या खोट्याने तिला वाचवलं, त्याच्या डोळ्यांत बघून ते पुन्हा सांगणं तिला जमलं नाही. पण खरंही पूर्ण सांगता आलं नाही. मुंबई हा शब्द तिच्या तोंडून आलाच नाही.

पुढच्या वर्षी, २३ नोव्हेंबर १९७९ ला, कॅलिफोर्नियातल्या मालिबूमध्ये पक्षाघाताने ती गेली. वय ६८.

मुंबईतला कागद

१९८३ मध्ये तिचं चरित्र आलं आणि भारतातला जन्म जगजाहीर झाला. पण गोष्टीत आणखी एक वळण बाकी होतं. कॉन्स्टन्स नावाची शार्लटची आणखी एक मुलगी होती, मर्लची थोरली बहीण. तिच्या मुलाने मुंबईतल्या सरकारी नोंदींमधून मर्लचा जन्मदाखला मिळवला. वडिलांच्या जागी आर्थर थॉम्प्सन. आईच्या जागी मात्र शार्लट नाही, कॉन्स्टन्स! मर्ल जन्मली तेव्हा जेमतेम बारा-चौदा वर्षांची असलेली पोर. म्हणजे आर्थरने एका लहान मुलीवर केलेला अत्याचारच. शार्लटने तो झाकण्यासाठी नातीला मुलगी म्हणून वाढवलं. मर्लला भाचा वाटणारा तो मुलगा तिचा सावत्र भाऊ निघाला. तो तिला भेटायला लॉस एंजलिसला गेला होता. तिने भेट नाकारली.

आता पुन्हा ते चहा आणून देणं आठवा. मोलकरीण म्हणून वावरणारी ती बाई मुळात मर्लची आई नव्हती, आजी होती. लपवाछपवी मर्लपासून सुरू झाली नव्हती. ती तिच्या जन्माआधीच घरात होती. शार्लटने आधी नातीसाठी आई होण्याचं नाटक केलं आणि मग तिच्याचसाठी मोलकरीण होण्याचं. या गोष्टीत सगळ्यात अवघड भूमिका कुणी केली असं मला विचाराल तर मी शार्लटचं नाव घेईन.

होबार्टमध्ये म्हणे अजूनही काही लोक ऐकायला तयार नाहीत. मर्ल आमचीच, तिचा जन्म आमच्याच गावचा, अशा कथा तिथे चालू आहेत. २००२ मध्ये यावर एक डॉक्युमेंटरीही झाली. आणि आपल्याकडे? जिचा जन्मदाखला मुंबईत आहे, ती मुंबईकरांना ठाऊकच नाही. गेट वेला रोज हजारो लोक सेल्फी काढतात, त्यात आम्ही कॉलेजवालेही आलोच. पुढच्या वेळी फिल्टर लावण्याआधी एकदा क्वीनीची आठवण काढा.

बघायचं असेल तर

दीज थ्री (१९३६): सुरुवात इथून करा. अफवेवरचा सिनेमा, आजही जुना वाटत नाही.

द डार्क एंजल (१९३५): थोडा रडका आहे, पण शेवटचा प्रसंग चुकवू नका.

वदरिंग हाइट्स (१९३९): साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आधी कादंबरी वाचून मग बघा. हीथक्लिफ आणि कॅथीचे रंग मनात अदलाबदल करून बघा, वेगळाच सिनेमा दिसेल.

द लॉजर (१९४४): कॅमेरा शिकणाऱ्यांसाठी. तिच्या चेहऱ्यावरचा प्रकाश कुठून येतोय, ते शोधा.